पहिला टोप

३ नोव्हें., सोमवार
सायली, आजी सांगते ते लिही. काल कोथिंबीर आणायला गेलीस आणि मैत्रिणीच्या लग्नाची बातमी घेऊन आलीस. कोथिंबीर कुठेय? लक्षात ठेवायचं तुझ्यावर सोडलं तर शेठही असेच वाटेत राहतील. म्हणून ही वही. मला अक्षर येत नसलं तरी वाचून घेणार आहे. शब्द गाळलास तर कळेल.

तर प्रभाकरशेठ. घाटकोपरला स्टेशनजवळ त्यांची खानावळ. तिथे मी बावीस वर्षं भाकऱ्या थापल्या. दर गुरुवारी मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमात जेवण जायचं. उरलंसुरलं नाही. शटर अर्धं खाली, गिऱ्हाईक बाहेर घड्याळ बघतंय, आणि शेठ सांगायचे, "पयलो टोप तेंचो. मगे तुमी." टोप गल्लीत वळला की शटर वर.

मागच्या दिवाळीनंतर शेठ गेले. गुरुवारही बंद पडला. मला हे पटलेलं नाही.

५ नोव्हें., बुधवार
नीलेशकडे गेले. शेठचा मुलगा, आता गल्ल्यावर तो. रविवारी वर्षश्राद्ध, त्याचा बॅनर लावलाय. शेठचा फोटो माणसाहून मोठा, खाली 'अन्नदाते'.
"कसा वाटतो, आजी?"
"झकास. पण वाढणार कोणाला, फोटोला?"
हसला. मग दुपारची गर्दी, माणसं कमी, वगैरे.
म्हटलं, भाकऱ्यांना मी येते. मेल्याने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. म्हटलं, भाकरी हाताने थापतात रे.
उद्याचा एक गुरुवार करून बघू, म्हणाला.

६ नोव्हें., गुरुवार
वाट लागली. नऊपासून थापत होते. टोप तयार, आणि नीलेशने शटरच वर केलं. ऑफिसवाले घुसले. "पाच मिनिटं, आजी." त्याची पाच मिनिटं दीड वाजेपर्यंत चालली. मग तळाचा भात आणि पाणी घातलेली आमटी गेली. मागोमाग मी. आश्रमात सगळे बारापासून ताटं घेऊन बसलेले. तिथल्या मालतीबाईंनी बिस्किटांवर भागवलं होतं. "शेठच्या घरचं ना? येणार हे माहीत होतं," म्हणाल्या. मला मान वर करवेना.

परत येऊन नीलेशला सांगितलं, एक तर टोप आधी पाठव, नाहीतर तो बॅनर उतरव.
"आजी, गिऱ्हाईक जाईल."
"बापाचं गेलं होतं का कधी?"
त्याने प्यायला पाणी दिलं.

११ नोव्हें., मंगळवार
श्राद्ध झालं. बॅनर तसाच.
सायली, नीलेशला फोनवर पाठव. मी बोलते तसंच, गोड करू नकोस: परवा सकाळी आठला येते. शटरसमोर स्टूल टाकून बसेन. टोप गेल्याशिवाय उठणार नाही. मला उचलायला चार माणसं लागतील, आणि तुझ्याकडे माणसं कमी.

वाचलं म्हणतेस, पण उत्तर नाही. नसू दे. अजून एक पाठव: भात मऊ, आमटी मुगाची, घट्ट. लाल भोपळ्याची भाजी, मिरची न घालता. भाकऱ्या मी थापते, पातळ. मालतीबाईंना वेगळी पेज, वर चमचाभर तूप.