पिवळा घट

आई, काल घट बसवला. संगमनेरच्या या घरात चारी बाजूंनी उजेड, तरी मुद्दाम आतल्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात बसवला. जन्मभर शाळेत झाडं आणि उजेड शिकवलेली बाई असं करते म्हणून सून हसते. हसू दे.

मला राजूरचं आपलं माजघर दिसतं. बहात्तरचं दुष्काळाचं साल. तुझा ताप हटता हटत नव्हता, अंग पिवळं पडत चाललेलं आणि वारं लागू नये म्हणून तुझी बाज बिनखिडकीच्या माजघरात, देव्हाऱ्याजवळ टाकलेली. त्या वर्षी घट मी पेरला, तू पडल्या पडल्या सांगत होतीस. दसरा जवळ आला तोवर धान वीतभर वाढलं, पिवळंधमक. आत्या हरखली.

"पिवळा घट म्हंजी देवी पावली. वहिनी, आता उठतीस बघ तू."

मी नववीत, त्यात आगाऊ. "पावली कशाची? उजेड न्हाई म्हनून पिवळं हाय ते. उजेड हुडकाया उंच पळतंय. बाईंनी रोपावर डबा झाकून दाखवलंय आमाला."

आत्याने डोळे वटारले. तू मात्र घटाकडे बघत राहिलीस.

"उजेडात ठिवलं तर हिरवं हुईल?"

"व्हय, दोन दिसांत."

"मंग घट उठला की मला बी वसरीवर न्या."

दसऱ्याला दादांनी तुला बाजेसकट बाहेर आणलं. त्यांच्या टोपीत धान, माझ्या वेणीत धान, तूच खोवलेलं. उरलेलं नदीत सोडायचं, पण तू हट्टाने ते परडीसकट आपल्या उशाशी ओसरीच्या कट्ट्यावर ठेवायला लावलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी पाती हिरवी दिसायला लागली. "झालं की गं," म्हणालीस, आणि आपला हात त्याच्याशेजारी धरून पाहिलास. हात पिवळाच होता. मी म्हणाले, उद्या बघ. तू दिवाळीपर्यंतही राहिली नाहीस. त्या हिरव्या धानाचा मला इतका राग आला, की परडी उचलून उकिरड्यावर फेकली आणि तिथेच रडत बसले.

पुढे तोच धडा मी किती वर्गांना शिकवला. आता दसऱ्याला हाही घट गच्चीत नेईन आणि शेजारी बसून राहीन. हे तुला पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. माणसाचं रोपासारखं नसतं, हे मला चांगलं कळतं. तरी पाती हिरवी झाली, की या वयातही मी मान वळवून शेजारी बघते.