टेकडीपलीकडची लाईन

९ फेब्रुवारी

आज आणखी काही राउटर परत आले. पिशवीत घालून, वायर गुंडाळून, अगदी नीट. दादासो किराणावाला म्हणाला, "वैनी, राग मानू नका. पोरांनी ऐकलं न्हाई." राग कुणाचा मानू? बाजारपेठेत मोठ्या कंपनीचा टॉवर झालाय. फाईव्ह-जीचं नेट, वर टीव्हीची चॅनेलं फुकट. त्यांच्या जागी मी असते तर मीही घेतलं असतं!

हे फौजेतून, तिथल्या बिनतारी संदेशाच्या सिग्नल खात्यातून रिटायर होऊन आले तेव्हा गावात फोन लावायला देवळाच्या कट्ट्यावर उभं राहावं लागायचं. आम्ही टेकडीवर लोखंडी खांब रोवला, सांगलीच्या एका नेटवाल्याकडून लाईन घेतली, डिश लावली, घरोघर नेट दिलं. लोक बोलावून चहा पाजायचे. आता जवळची गिऱ्हाइकं सगळी गेली. उरली ती लांबची, टेकडीपलीकडची धनगरवस्ती. तिथं त्या टॉवरची रेंजच पोचत नाही.

१० फेब्रुवारी

वारा. डिश हलली. पुन्हा टेकडी. ह्यांचा गुडघा गेल्यापासून खांबावर मीच चढते.

१४ फेब्रुवारी

कंपनीचा माणूस आला. शिवतेज नाव, उंब्रजचा. बोलायला गोड. गावात एजन्सी द्यायचीय म्हणे. "तुमच्याइतकं हितलं कुणाला म्हाईत हाय, ताई? फक्त तुमचं जुनं तेवढं बंद करायचं."

मी विचारलं, वस्तीवर तुमचा टॉवर कधी?

"खरं सांगू? तेवढ्याशा घरांसाठी न्हाई बसत टॉवर. वरून मंजुरीच येणार न्हाई."

निदान खोटं तरी बोलला नाही.

तो गेल्यावर हे म्हणाले, "घेऊन टाक. किती दिवस खांबावर चढणार?" मी परत आलेले राउटर मोजायला घेतले. तर हेच पुन्हा म्हणाले, "आपण काय सरकार हाय का, क्रांती?"

नाही. सरकार नाही. पण वस्तीवर रेश्मा आहे ना!

१६ फेब्रुवारी

वस्तीवर गेले. शेवटी ह्यांचंच ऐकायचं ठरवलं; बंद करतेय हे सांगायलाच गेले होते.

रेश्मा म्हणजे धुळाची मुलगी. बारावी झाली आणि आता सांगलीच्या एका हॉस्पिटलचं काम घरी बसून करते. पेशंटचे फोन घ्यायचे, डॉक्टरांची वेळ कॉम्प्युटरवर घालायची. वस्तीवरची पगाराची ही पहिलीच नोकरी. पत्र्याखाली टेबल, कानाला हेडफोन. "नमस्कार, कोणत्या डॉक्टरांची वेळ हवीय?" इतकं स्वच्छ बोलते! तेवढ्यात मागे मेंढरं ओरडली. फोनवरच्या बाईनं विचारलं असणार, कारण ही हसून म्हणाली, "हो काकू, मेंढरंच आहेत. तुम्ही उद्या सकाळी या."

चहा केला तिनं. प्याले आणि उठले. सांगता आलं नाही.

वाटेत धुळा भेटला, मेंढरांमागं. त्याला सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. "तुमी लय दमलाय वैनी. दिसतंय की." तक्रार नाही, विनवणी नाही. चार पावलं गेल्यावर वळला. "मग पोरीचं लगीन उरकून टाकतो. पावनं बघून गेल्यात. तिच्या कामापायीच थांबवलं हुतं."

घरी येईपर्यंत तेच कानात.

१७ फेब्रुवारी

शिवतेजला फोन केला. एजन्सी नको म्हणून सांगितलं. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२ मार्च

एजन्सी दादासोनं घेतली. दुकानावर बोर्ड लागला — केवढा मोठा! हे येता-जाता बघतात आणि काही म्हणत नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

बाजारात रेश्मा भेटली. "अक्का, एजन्सी सोडलीसा म्हणं. माझ्यामुळं?"

"छे! तुझ्यामुळं कशाला? मला त्या बोर्डाचा रंग आवडला नाही."

ती हसली नाही.

११ मार्च

सांगलीला गेले. नेटवाल्याचा निरोप होता — एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी लाईन परवडत नाही, बंद करतो. त्याचीही गिऱ्हाइकं मोठी कंपनीच नेतेय. समोर बसून राहिले. शेवटी म्हणाला, "उन्हाळाभर ठेवतो. पुढचं विचारू नका." येताना एसटीत डोळा लागला आणि आमचा फाटा मागं पडला. तेवढं अंतर उन्हातून मागं चालत आले.

१९ मार्च

खांबावरून पाय सटकला. कमरेला पट्टा बांधला होता म्हणून वाचले. तळहात फाटला, रक्त थांबेना. खाली बघते तर हे! तो गुडघा घेऊन टेकडी चढून आलेले. खांबाला टेकून माझ्या पट्ट्याचा दोर धरून उभे.

"उतर खाली. आता तरी बास कर."

"आवं, पोरीचं लगीन लावून देतील!"

मी डिश बांधून होईपर्यंत ह्यांनी दोर मात्र सोडला नाही. उतरताना दोघं एकमेकांना धरून. कोण कुणाला सांभाळत होतं कुणास ठाऊक.

२६ मार्च

दमले. देवाशप्पथ, दमले.

३ एप्रिल

रेश्मा आली होती. उंबऱ्यात बसली, मान खाली. हॉस्पिटलनं तिला मागच्या महिन्यातच सांगलीला बोलावलंय — ऑफिसात बसायला, राहायची सोय करून. धुळा स्वतः जाऊन बघून आला, लग्न पुढं ढकलायला तयार झाला. हिनंच हॉस्पिटलला आणि बापाला, जरा थांबा म्हणून, थांबवून ठेवलं होतं.

"तुमी माझ्यापायी खांबावर चढताय. मी चालले म्हणून कुठल्या तोंडानं सांगू, अक्का?"

म्हटलं, "अगं येडे, मग जा की! उद्याच जा."

खोटं कशाला लिहू? आनंद नंतर झाला. आधी सुटल्यासारखं वाटलं.