हलव्याचा काटा

आई,

तुझी कल्हईची पितळी परात माझ्याकडे आहे. बोरिवलीच्या या घरात ती ओट्याखाली उभी मावत नाही आणि आडवी ठेवली तर बाकीच्या भांड्यांची अडचण होते. तरीही ती मी कुणाला दिली नाही. वर्षातून एकदा, संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, ती बाहेर निघते. यंदा ती मी काढली नाही. तुझ्या नातीने काढली, आणि त्यानंतर जे घडलं ते तुलाच सांगण्यासारखं आहे, कारण त्यातली मुख्य आरोपी तू आहेस.

तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं. ती जन्मली तीच भांडत, तिचा आवाज ऐकून परिचारिका म्हणाली, "डॉक्टर, हिला कुणाची तरी तक्रार करायचीय." मला भावनांचं प्रदर्शन आवडत नाही, हा गुण तुझ्याकडूनच आलेला आहे. पण त्या पहिल्या दिवसांत ती झोपली की मी तिच्या कानाच्या पाळीकडे बघत बसायचे, आणि त्यात सुधारणा सुचवावी असं मला काहीच सापडायचं नाही. माझ्या बाबतीत हे आधी कधी घडलं नव्हतं. अंधेरीच्या कार्यालयात दुसऱ्यांनी केलेले इमारतींचे आराखडे तपासण्याचा माझा व्यवसाय आहे. चुका शोधण्याचेच मला पैसे मिळतात आणि चूक न काढता एकही आराखडा मी आजवर परत पाठवलेला नाही.

तिच्या पहिल्या बोरन्हाणाला मी हलवा घरीच केला. बाजारचा हलवा मला चालत नाही. मंद आचेवर परात, परातीत खसखस, तीवर चमचा चमचा पाक, आणि बोटांनी सतत हलवत राहणं. थर वाळला की दुसऱ्या दिवशी पुन्हा पाक, असं दाण्याला काटा फुटेपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत काटा येत नाही म्हणणाऱ्यांना मी आळशी समजते, कारण पार्ल्याच्या आपल्या दोन खोल्यांत तू तो दरवर्षी आणलास. मी मुकुट केला, हार केला, बाजूबंद केले, काळ्या झबल्यावर सगळं बेतून बसवलं. पाटावर बसवल्याबरोबर तिने मुकुट डोक्यावरून काढला आणि खायला सुरुवात केली. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतेपर्यंत अर्धा मुकुट संपला होता. मावशी, तुझीच बहीण, म्हणाली, "अगो, खाऊ दे की. तुला काय तो प्रदर्शनात मांडायचाय?" मला खरोखर तसंच काहीसं वाटत होतं. मग तिने उरलेला मुकुट चिकट हाताने माझ्या तोंडाशी धरला, आणि मी खाल्ला.

चार वर्षांची असताना मनोरीला जाताना मार्वेच्या धक्क्यावर ती एका मासेवालीसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "माझी आई म्हणते तुम्ही भाव जास्त सांगता." मी हे घरात म्हटलं होतं. ती बाई टोपलीवरून मान वर न करता म्हणाली, "मग आईला सांग, पाण्यात उतर नि धरून आण." तुझी नात लगेच माझ्याकडे वळली, "आई, तुला पोहता येतं का गं?" होडी येईपर्यंत त्या दोघींनी मिळून माझी जी परीक्षा घेतली तीत मी उत्तीर्ण झाले नाही. तेव्हा मी तिला दटावलं, पण परतीच्या होडीत माझ्या मांडीवर ती झोपली असताना मला एवढंच वाटत होतं की हिचं हे तोंड कुणी बंद करू नये.

ते बंद करणारी मीच निघाले. गेल्या पावसाळ्यात तिने शाळेसाठी पुठ्ठ्याचा पूल केला. मला दाखवायला आणला, आणि मी त्याच्याकडे माझ्या नेहमीच्या पद्धतीने पाहिलं. तो कुठे वाकेल, कुठून तुटेल, हे सगळं सांगितलं. त्यातलं अक्षरही चुकीचं नव्हतं. ती "बरं" म्हणाली. तो पूल शाळेत पडला नाही, हे मला तिच्या बाबांकडून कळलं. मला ते तिने सांगितलं नाही. मग हळूहळू ध्यानात आलं की ती मला काहीच सांगत नाही. शाळेच्या बाई म्हणतात, वर्गात हिला गप्प करावं लागतं. बाबांशी, लिफ्टमधल्या लोकांशी, वॉचमनशी ती अखंड बोलते. मी आत आले की वाक्य अर्धं सोडते आणि "काही नाही" म्हणते. अवघ्या नऊ वर्षांची मुलगी. मी तिची चित्रं टेबलावर शोधायचे, ती दप्तरात असायची.

त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या बाळाच्या बोरन्हाणाचे दागिने आपण करणार, असं तिने मला न विचारता तिकडे कबूल करून टाकलं, तेव्हा मी रागावले नाही. मला आशा वाटली. तिने परात ओढून काढली आणि बजावलं, "मी एकटी करणार. तू फक्त गॅस लाव." मी गॅस लावला, तवा ठेवला, त्यावर परात. पुढे मी गप्प राहायला हवं होतं. मी काय म्हणाले ते तुला सांगायला नको, कारण हे वाक्य मी तीसेक वर्षं म्हणत आलेय: "मी तुझ्याएवढी होते तेव्हा पहिल्याच खेपेला काटा फुलवला होता." तिने माझ्याकडे पाहिलं आणि घाई केली. पाक एकदम ओतला. दाणे भिजले, एकमेकांना चिकटले, आणि परातीत सुपारीएवढे गोळे झाले. तिने गॅस बंद केला, हात धुतले आणि खोलीत गेली. दुसऱ्या दिवशी शाळेत जातानाही बोलली नाही.

मुलुंडहून मावशी राहायला आलेली होती. मी ते गोळे टाकायला निघाले, तशी ती हसायला लागली. "टाकतेस कशाला? तुझेही असेच झाले होते."

मी म्हटलं, माझे झाले नव्हते.

"अगो, झाले होते. सकाळची शाळा तुझी, ताईची दुपारची. तू गेलीस की ती परात घेऊन बसायची. तुझे सगळेच्या सगळे गोळे मुठीत धरून फोडायची, एकेक दाणा सुटा करायची, वर पुन्हा पाक. बोटांना फोड आले. मी म्हटलं, ताई, हे टाक आणि नवा कर, अर्ध्या वेळात होईल. तर म्हणते, नवा केला तर तो तिचा कसा होईल?"

"पण का?"

"का म्हणजे? तू कसली हट्टी होतीस. एकदा बिघडलं असतं तर पुन्हा परातीला हात लावला नसतास."

आई, तू गणिताची शिक्षिका. उत्तर बरोबर असूनही एक पायरी गाळली म्हणून तू मला, स्वतःच्या मुलीला, अर्धा गुण कमी दिलेला आहेस, आणि पुढे मी तुझ्या शाळेत आले तेव्हा वर्गात सगळ्यांसमोर दिलेला आहेस. मी तुझ्याकडून काटेकोरपणा घेतला तो या विश्वासावर की तू कुणालाही फुकट काही देत नाहीस. ज्या फुललेल्या हलव्यावर मी माझ्याबद्दलचं सगळं मत उभारलं, तो तू सकाळी सकाळी, मी शाळेत पाढे म्हणत असताना, बोटं भाजून घेत फुलवत होतीस. मला क्षणभर तुझा राग आला. मग मी एक गोळा मुठीत धरून पाहिला. तो सहज फुटत नाही. बराच जोर लावावा लागतो, आणि तरी दाणा मोडू द्यायचा नसतो.

ती घरी येईपर्यंत सगळे गोळे फोडून दाणे सुटे करून ठेवता आले असते. तिच्यासाठी तेच योग्य होतं का, हे मला ठरवता येईना. तुझ्या काळात माझ्यामागे अशी फुशारकी मारणारी आई नव्हती, हिच्यामागे आहे. मी परात तशीच ठेवली. संध्याकाळी तिला समोर बसवून मावशीने सांगितलेलं सांगितलं.

"म्हणजे तुझेपण गोळे झाले होते?"

"हो."

"आणि आजीने गुपचूप नीट केले? आणि तुला कळलंच नाही? तू तर सगळ्यांच्या चुका काढतेस."

ती इतकी हसली की तिला उचकी लागली. मग एकदम थांबली. "तू पण माझे करणार होतीस ना, मी शाळेत गेल्यावर?"

"विचार केला होता."

"नको. दोघी करू. पण पाक मी सांगेन तेव्हाच घालायचा."

आम्ही गोळे फोडायला बसलो. तिचे हात लहान, म्हणून तिचे दाणे कमी मोडले. बराच वेळ गेल्यावर ती परातीतून नजर न उचलता म्हणाली, "आई, माझा पूल पडला नव्हता. बाईंनी त्याच्यावर डबे ठेवले होते."

मी विचारलं, "मधोमध ठेवले, की कडेला?"

मग तिने सांगितलं. डबे कुठे ठेवले, कोण घाबरलं, कोण म्हणालं वाट लागली आता, सगळं. बोलता बोलता पाक घालायचं विसरली. मी आठवण करून दिली नाही.

हलव्याला काटा आला, सगळ्या दाण्यांना नाही. बोरन्हाणाच्या दिवशी खालच्या बाळाने मुकुट ओढून जमिनीवर टाकला आणि तुझी नात म्हणाली, "बघ, तो माझ्यापेक्षा वाईट आहे."

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून एक दुरुस्ती करून ठेवते. गुपचूप नीट केले का, असं विचारल्यावर तिने आणखी एक प्रश्न विचारला होता, तो मी वर लिहिला नाही. तिने विचारलं होतं, "सगळे?" मावशी तिथेच बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "सगळे नाही गं. थोडे."