खोड आधी, गुण मागून

छत्रपती संभाजीनगर,
५ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांना,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

तुमची आणि आत्यांची तब्येत बरी असेल. फोनवर तुम्ही 'हां, बरंय' म्हणता आणि फोन आत्यांच्या हातात देता, म्हणून पत्र लिहिते आहे.

सुरजची लाल गाडी विकायचं मनात आहे. सुरज गेल्याला पौषात दोन वर्षं होतील. तेव्हापासून गाडी इमारतीच्या खाली उभी आहे. रविवारी मी ती चौकापर्यंत नेते आणि परत आणते, तेवढंच तिचं चालणं. शेजारचे म्हणतात, शर्यतीचं इंजिन असलेली गाडी अशी उभी ठेवली तर उभ्या उभ्या मरेल.

लातूरचा एक मुलगा बघायला येणार आहे. त्याला जोरात पळणारी गाडी हवी आहे, पण चार दरवाजेही हवेत, घरची माणसं बसतील म्हणून. मधला एजंट मला शिकवतो, की गुण सांगा, खोड विचारली तरच सांगा, आणि विचारली तरी आधी हसा. मला ते हसणं जमणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, सुरजनं ती पहिल्यांदा वस्तीवर आणली तेव्हा ओढ्यातल्या दगडाला तिचं पोट टेकलं आणि तुम्ही बैलजोडी लावून ओढून काढली होती. आत्या म्हणाल्या होत्या, एवढी पळणारी गाडी, आन घरापर्यंत येईना. सुरज तेव्हा पोट धरून हसला होता.

तुमच्या मुलाची वस्तू आहे. तुमच्या होकाराशिवाय द्यायची नाही. काय करू ते कळवा. तुमचा लोभ मला पुरून उरला आहे, तो तसाच राहू द्या.

तुमची सून,
प्रियदर्शनी


वस्ती, धारूर,
१३ सप्टेंबर २०२५

चि. प्रियदर्शनीस,
म्हाळूचे अनेक आशीर्वाद.

पयले तुला सौ. लिवायचो. आता चि. लिवलं की पेन थांबतो. पोरीला चि. पुरं हाय असं म्हणून पुढं जातो.

फोनचं म्हणशील तर खरं हाय. फोन कानाला लावला की मला वाटतं समोरचं माणूस घाईत हाय. कागद घाई करत न्हाई.

गाडी तुझी हाय, होकार कशाला मागतीस. पण इकायची रीत मातर सांगतो. आमी बाजारात जनावर इकतो तवा खोड आधी सांगतो, गुण मागून. मारकं असलं तर मारकं म्हणायचं, बसकं असलं तर बसकं. गुण काय, गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळतेतच. खोड घरी गेल्यावर कळली तर त्यो आपल्याला शिव्या देतो आन जनावराला मारतो. शिव्यांचं काय न्हाई, पण मार त्या मुक्या जिवाला बसतो. तवा त्या एजंटाला म्हणावं, तू गप बस बे.

गाडीच्या समद्या खोडी मला लिवून धाड. मग गुण. आन एक ध्यानात ठेव, गिऱ्हाईक पयला सवाल करतंय, कावून इकता? त्याचं उत्तर खरं पायजे. तुझ्या पत्रात बाकी समदं हाय, तेवढंच न्हाई.

तुझ्या आत्याला, साखराबाईला, तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकलं आन उठून शेळ्यांकडं गेली. रागानं न्हाई गेली. तिचे गुडघे लई धरलेत, तरी गेली. उज्ज्वला पोळ्याला चौसाळ्याहून आलती, तीबी भावाचीच आठवण काढत व्हती.

जेवत जा. माया हाय ती हायच.

तुझा मामा,
म्हाळू


छत्रपती संभाजीनगर,
२२ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मामांना,
प्रियदर्शनीचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तशा खोडी आधी लिहिते. गाडीचं पोट फार खाली आहे, गतिरोधक आला की मीच श्वास रोखून धरते. टायर पातळ, एखाद्या खड्ड्यात आपटला की बाजूला फुगा येतो. बसायला इतकी कडक की रस्त्यावरचा खडा न् खडा पाठीला कळतो. पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. एखादा भाग मोडला की महिना महिना मिळत नाही. चार दरवाजे आहेत खरे, पण मागच्या सीटवर आत्या एकदाच बसल्या, आणि त्यांना बाहेर काढायला तुम्ही आणि सुरज दोघं लागला होतात. सगळ्यात मोठी खोड म्हणजे तिला हळू चालणं आवडत नाही. शहरातल्या गर्दीत ती अशी गुरगुरते की लोक वळून बघतात आणि मला लाज वाटते.

आता गुण. पाय टेकवायचा अवकाश, की पाठ सीटला चिकटते. धारूरच्या घाटात वळणावर रस्ता असा धरते की बाजूच्या माणसाला भीती वाटत नाही. ब्रेकचं तर काय सांगू. चौसाळ्याजवळ एकदा मेंढरं आडवी आली. गाडी जागच्या जागी उभी राहिली, एका कोकरालाही धक्का लागला नाही. सुरज खाली उतरला आणि त्या मेंढपाळाला म्हणाला, आमचीबी मेंढरं हायत. मग दोघं रस्त्याकडेला गप्पा मारत बसले आणि मी गाडीत शेंगा खात बसले.

अजून एक गुण आहे. सुरजचा ताप डोक्यात चढला त्या सकाळी तो मला ओळखत नव्हता. तोवर मी ती गाडी कॉलनीच्या बाहेर नेली नव्हती. त्या दिवशी मी तिला पळवलं. कुठं अडली नाही, डगमगली नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वेळेत आणलंत. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही. वेळेत आणूनही सुरज गेलाच, मग सांगून काय, असं वाटायचं. हा तिचा सगळ्यात मोठा गुण, आणि तो मी गिऱ्हाइकाला सांगणार नाही.

आता कावून विकते ते. आमच्या शाळेत अभिमन्यू म्हणून गणिताचे शिक्षक आहेत. शांत माणूस, जुन्या स्कूटरवर येतात. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. युसूफ वडगावहून माझ्या आईबाबांनी होकार कळवला. मी अजून उत्तर दिलेलं नाही. सुरजची गाडी दारात उभी असताना दुसऱ्या घरात पाऊल कसं टाकू, असं होतं. आणि गाडी गेली की तुमचं माझं नातंही तिच्याबरोबर जाईल, याची फार भीती वाटते. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही म्हणेन. मनात राग धरणार नाही.

तुमची माया सुटू नये, एवढंच मागणं.

तुमची,
प्रियदर्शनी


वस्ती, धारूर,
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. कां. प्रियदर्शनीस,
म्हाळू आन साखराबाईचे अनेक आशीर्वाद.

बघ, आज पेन थांबला न्हाई. लग्नपत्रिकेत नवरीच्या नावाआधी लिवतेत तेच लिवलंय. चुकून न्हाई लिवलं.

तुझं पत्र बांधावर बसून वाचलं. तू पोराला वेळेत नेलंस, तिथंच लई येळ थांबलो. मला वाटायचं, उशीर झाला असंल, कुणी जवळ नसंल. तुला इचारायचं धाडस झालं न्हाई. आज छातीवरचा धोंडा उतरला. साखराबाईला वाचून दाखवलं. ती रडली, मीबी रडलो. तेवढ्यात मेंढरं दुसऱ्याच्या तुरीत शिरली आन सणाच्या दिवशी शिव्या खाल्ल्या.

आता अभिमन्यूचं. दिवाळीत त्याला वस्तीवर घिऊन ये. स्कूटर हाय म्हणतीस, म्हणजे ओढा वलांडून यील, हा त्याचा एक गुण मी आधीच धरलाय. पण रीत ती रीत. तुझ्या खोडी त्याला मी आधी सांगणार. चहा झाल्याबिगर ही बोलत न्हाई. हिच्या भाकरीला अजून पापुद्रा येत न्हाई. नवऱ्याला नावानं हाक मारती. रडू आलं की भांडी घासाया बसती, घासलेलीच परत घासती. मनातलं सांगायला हिला दुसरं पत्र लागतं. गुण एकबी सांगणार न्हाई. ते त्याला घरी गेल्यावर कळतेल.

गाडी खुशाल दे. एक मातर कर. जनावर दिलं तरी आपण दावं देत न्हाई, गिऱ्हाइकानं आपलं आणावं. आजवर दिलेल्या समद्या बैलांची दावी माझ्या घरात खुंटीला हायेत. गाडीच्या किल्लीला मी काळ्या लोकरीचा गोफ वळून दिलता, त्यो तिचं दावं. किल्ली दे, गोफ काढून घे आन मला आणून दे.

साखराबाई म्हणती, पुढचं पोरीला लिवू नका, ती काय जनावर हाय का. न्हाईस, आन तुला कुणी इकतबी न्हाई. तरी लिवतो, मला दुसरं येत न्हाई. कुठंबी नांद, कुणाचंबी नाव लाव. तुझं दावं ह्याच खुंटीला हाय.

लवकर या, वाट बघतो.

तुझा बाप,
म्हाळू