जंतूला हळदकुंकू

करंजाडे, पनवेल
१४ ऑक्टोबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या भामाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं तीन मिनिटांत भांडतो, म्हणून पुन्हा कागद घेतला. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा अक्षराला नावं ठेवायची तर स्वतःलाच ठेव.

तब्येत कशी आहे? जुलैत आमच्याकडे आलास, नको म्हणत असताना साचलेल्या पाण्यातून भाजी आणायला गेलास आणि लेप्टो घेऊन आलास. इस्पितळात चार दिवस तुला माणसं ओळखू येत नव्हती. तेव्हा मी गावदेवीला बोलले, की दादा उठला तर स्वतः येऊन तुझ्यापुढे नारळ ठेवेल. तुला न विचारता तुझ्या नावाने बोलले, ही चूकच. पण आता तुलाच यावं लागेल, ते माझ्या हातून चालत नाही.

नवरात्र झालं, तू आला नाहीस. मी रागावलेले नाही. घरी सगळे बरे आहेत.

माया आहे तशीच ठेव, आणि हे वाचून रक्तदाब वाढवू नकोस.

तुझी,
भामा


नाशिक
२३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. भामास,
दीनानाथचे अ. आ.

पत्र मिळालं. सवयीने लाल पेन हातात घेतलं होतं, पण दोनच चुका निघाल्या. शाबास.

तू लिहिलं नाहीस ते तुझ्या शैलेशच्या तोंडून निघून गेलं. आई तीन महिने मावराला शिवलेली नाही, मामा नारळ ठेवीपर्यंत शिवणारही नाही, म्हणाला. कोळ्याची लेक तू, आणि माझ्यापायी घासफूस खातेस? मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

मला औषधांनी वाचवलं. छत्तीस वर्षं मी वर्गात मुलांना कारण शोधायला शिकवलं. आता नारळ ठेवला तर त्या मुलांना काय तोंड दाखवू?

शेजारच्या खाटेवरचा जीवन आठवतो? उरणकडचा, सव्वीस वर्षांचा. तोच आजार, तीच औषधं, तेच डॉक्टर. त्याच्या आईनेही, गंगाबाईने, माझ्यादेखत नवस बोलला होता. मला घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. मग देवीने तुझं ऐकलं आणि तिचं का नाही? याचं उत्तर दे, मी येतो.

उत्तर माझ्याकडेही नाही. त्याने मला विचारलं होतं, सर, मलाच का? मी औषधांच्या बिलामागे लेप्टोच्या जंतूची आकृती काढून समजावत बसलो. पोरगं मरणाच्या दारात, आणि मी धडा शिकवला. त्याची लाज वाटते, भामा.

उद्यापासून मासे खा. आशीर्वाद आहेत, पण हट्टाला नाहीत.

तुझा,
दादा


करंजाडे, पनवेल
२० नोव्हेंबर २०२४

तीर्थस्वरूप दादास,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लागला. तुझा प्रश्न मला फार लागला. देवीपुढे हात जोडले तरी तोच डोक्यात. असं आजवर कधी झालं नव्हतं, मी घाबरले. शेवटी शैलेशला घेऊन गंगाबाईकडे गेले.

पोरगा उठला तर देवळात पितळेची घंटा बांधीन, असं ती बोलली होती. पोरगा गेला, तरी तिने घंटा बांधली. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, “बाय, मी सौदा कराला नाय गेलते. माज्या पोऱ्याचं नाव घेऊन बोलले, ता कसा मोडू?” 

मग तिने मला देव्हारा दाखवला. त्यात तुझं ते बिल आहे, दादा. जीवनने ते शेवटपर्यंत उशीखाली ठेवलं होतं. गंगाबाईला वाटत होतं, जावेने करणी केली. दोघींचं बोलणं बंद होतं. जीवनने तिला तुझं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा पाण्यातला किडा आहे, काकीचा काही दोष नाही, माझ्यामागे भांडू नका. तो गेला त्या दिवसापासून जाऊच तिला जेवायला घालते आहे. तुझ्या जंतूला रोज हळदकुंकू लागतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं नाही. तू आला नाहीस तरी आता मी काही म्हणणार नाही. मासे मात्र मी खाणार नाही, कारण बोलले ते मी बोलले.

लोभ कमी करू नकोस.

तुझी,
भामा


नाशिक
२७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. भामास,
अ. आ.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. लाल पेन घेतलं नाही.

रविवारी येतो. नारळ ठेवीन. देवी आहे असं मी तेव्हाही म्हणणार नाही, तूही म्हणवून घेऊ नकोस. माझ्यासाठी बहिणीने शब्द दिला होता, तेवढं मला पुरतं.

त्याआधी गंगाबाईकडे जाऊ. देवळाची घंटा मी जन्मात वाजवली नाही, जीवनची वाजवीन. मलाच का, हे त्याने विचारलं होतं, आता मीही विचारतो. वाचलो तो मीच का? घंटा काही सांगणार नाही, ठाऊक आहे.

आणखी एक. त्या जंतूची टोकं आकड्यासारखी वळलेली असतात, मी घाईत सरळ काढली. आकृती चुकली आहे. पण ती मी दुरुस्त करणार नाही.

रविवारी बांगडे आणून ठेव. पहिला तुकडा तुझ्या ताटात मी वाढणार.

तुझा,
दादा