चार हात ढील

३ तारीख

आले एकदाची! दोन पिशव्या, एक गादी, शिवणाची कात्री आणि ही वही. पंधरा वर्षं शिवणकामाच्या दुकानात मान मोडून बसले, आणि आता चाळिशीत धक्क्यावर दोर सांभाळायला आले. लोक म्हणतील, बाईचं डोकं फिरलंय. म्हणोत बापडे. राहायला धक्क्याच्या टोकाची जुनी लाँच दिली आहे. इंजिन काढलेलं, पण खिडकीला पडदा आहे, स्टोव्ह आहे आणि आडवं झालं की घर आपोआप झुलतं. झोपाळ्याची हौस राहिली होती, ती अशी फिटली.

धक्क्याच्या मास्तरांनी काम समजावलं. सतरा होड्या आहेत. पाण्याबरोबर होडी चढते-उतरते, धक्का मात्र जागचा हलत नाही. वरच्या खुंटाला भरतीत आखूड बांधली तर ओहोटीत होडी लटकते. भिंतीतल्या खालच्या कडीला ओहोटीत आखूड बांधली तर भरतीत तिला वर येताच येत नाही, ती जागीच बुडते. म्हणून लागेल त्याहून चार हात ढील जास्त ठेवायची. मी मान डोलावली. यातलं दुसरं मला माहीत होतं, हे त्यांना सांगितलं नाही.

५ तारीख

या आठवड्यात पाणी गरीब आहे, चढ-उतार जेमतेम चार हातांचा. तरी तळहात सोलून निघाले. मास्तर म्हणाले, सुई धरणाऱ्या हातांना दोराची सवय व्हायला महिना जाईल. त्यांच्या मिशा बोलताना वर-खाली होतात, त्यांनाही भरती-ओहोटी आहे की काय कोण जाणे.

सकाळी सात होड्यांचे दोर माझ्याआधीच कुणीतरी सैल केलेले होते. अगदी मोजून चार हात. मास्तर वरून खडूस, आतून मऊ दिसतात.

७ तारीख

मास्तरांचा काही संबंध नाही. मी आभार मानले तर म्हणाले, कसले आभार? मग एक गाठ हातात घेऊन म्हणाले, हे डावखुऱ्या माणसाचं काम आहे, वेढे उलटे आहेत. धक्क्यावर तर डावखुरं कुणीच नाही.

मी नीट पाहिलं. पहिला वेढा डावीकडून, मग दोर खालून, आणि टोक दोनदा आत खुपसलेलं. दोनदा खुपसायची खोड मी एकाच माणसाची पाहिली आहे. आज जेवण गेलं नाही.

८ तारीख

लिहूनच टाकते. माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला डाव्या म्हणायचो. त्याची स्वतःची होडी होती. गेल्या वर्षी मी त्याला भेटायला गेले, तेव्हा जेवून तो होडीच्या खोलीत झोपला होता. ओहोटी होती, वारा सुटला होता. होडी फार हलतेय, त्याची झोपमोड होईल, म्हणून मी दोर खालच्या कडीला ओढून बांधला. घट्ट, आखूड, तीन गाठी मारून. आणि बाजारात गेले.

परत आले तेव्हा उधाणाची भरती होती. दोर काठीसारखा ताठ, आणि होडीचं नाक पाण्याखाली. आतल्या दाराला पाण्यानं बाहेरून रेटून धरलं होतं.

आई म्हणते, समुद्रानं नेलं. मी तिला खरं सांगितलेलं नाही. कुठल्याच होडीचं माझ्या देखत पुन्हा तसं होऊ नये, म्हणून या कामाला आले.

९ तारीख

सतराच्या सतरा होड्या, चार-चार हात ढील. माझं काम तो करतोय. मी खुंटाशी बसून रडले, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा.

लहानपणी आई कामावर गेली की दुपारी मी त्याच्या मनगटाला माझ्या फ्रॉकचा पट्टा बांधायचे, दुसरं टोक माझ्या मनगटाला. मला डोळा लागला तर हा पाण्याकडे पळू नये म्हणून. तो म्हणायचा, ताई, अजून घट्ट.

१० तारीख

दुपारी तासभर पडले. उठले तर डाव्या मनगटाला ओला दोर. उलटे वेढे, टोक दोनदा आत. दुसरं टोक खिडकीतून पाण्यात गेलेलं.

ओढून पाहिलं. पलीकडूनही ओढ आली. हळूच.

मी गाठ सोडवली. टोक मात्र लगेच पाण्यात सोडलं नाही, हातातच धरून बसले.

११ तारीख

पाणी आता दहा हात चढतंय. बाकी होड्या ठीक आहेत. माझी लाँच मात्र खालच्या कडीला बांधलेली — आखूड. सोडून वर बांधली. तासाभरात पुन्हा खाली. आणखी आखूड.

मास्तरांना सांगितलं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. आजच सामान काढ म्हणाले, त्यांच्या बहिणीकडे खोली आहे.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या दोराच्या गाठी तिनं तेव्हाच ओळखल्या होत्या, माझ्याच होत्या. रागावली नाही. म्हणाली, एक लेकरू गेलं, तू तरी घरी ये.

उद्या सकाळी जाते. नक्की.

१२ तारीख, सकाळी आठ

पिशव्या भरल्या. जरा टेकले, तेवढ्यात डोळा लागला.

मनगटाला पुन्हा दोर, या वेळी गाठ सुटत नाही. लाँच कडीला. दार बाहेरून बांधलंय, उघडत नाही; खिडकी फटीपुरतीच सरकते. उजवा हात मोकळा आहे, म्हणून लिहितेय. मास्तरांना हाका मारल्या — ते पलीकडच्या टोकाला असतात या वेळी —

तो रागावलेला नाही. हे मला कळतंय. मी बांधायचे तसंच बांधतोय. आपलं माणूस जाऊ नये म्हणून.

दहा वाजता

नाक खाली गेलंय. फळीवर पाणी. साडेबाराला पूर्ण भरती — बारा हात.

कात्री हाताशी आहे. दोर कापायचा, खिडकीची काच फोडायची. जमेल. आई वाट बघतेय.

पाणी गुडघ्याला

कात्री दोराला लावली. चार धागे तुटले. पलीकडची ओढ एकदम — घाबरल्यासारखी —

बोटं आहेत. माझ्या मनगटावर. लहान. गार. तेव्हाची.

आई, मी कापणार होते गं. खरंच. पण आता कापला तर तो पुन्हा एकटा —