दोनदा ओतलेलं तेल

आप्पा, काल माझी आमटी खारट झाली आणि मला तुमची जीप आठवली. हसू नका. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. तुमच्यासमोर जे बोलायची छाती झाली नाही, ते आता कागदावर उतरवते आहे.

तो दसरा आठवतो? दौंडच्या रेल्वे शेडमधून रिटायर होऊन तुम्हाला वर्ष झालं होतं. डिझेल इंजिनांत उभा जन्म काढलेला माणूस, तेव्हा त्या जुन्या जीपला दुसऱ्या कुणी हात लावलेला तुम्हाला खपत नसे. मला, तुमच्या लेकीला, मात्र इंजिनचं तेल बघायला शिकवलं होतंत. "इंजिन बंद केल्यावर धा मिनिटं थांबायचं, बाई. तेल खाली उतरू द्यायचं, मंग पट्टी वढायची." आणि चुकलं की तुमचा तो आवाज! दवाखान्यात नर्स म्हणून मी रक्तबंबाळ माणसं हाताळत होते, पण तुमच्या आवाजापुढे माझी बोबडी वळायची.

त्या सकाळी तुम्ही बाजारातून झेंडू घेऊन आलात, जीप अंगणात लावलीत आणि अंघोळीला गेलात. मी ती धुवायला घेतली. पूजेची गाडी, सगळं नीट हवं, म्हणून पट्टी ओढून पाहिली. दहा मिनिटं कोण थांबतं? तेल अजून इंजिनात वरच होतं, त्यामुळे पट्टीला जेमतेम टोकाशी लागलं. मी कोपऱ्यातला डबा उचलला आणि होतं तेवढं ओतून मोकळी झाले. तुम्ही पहाटेच तेल भरलंय, हे मला ठाऊक नव्हतं.

पूजा आटपून आपण तिघं केंदूरला निघालो. तिथं आत्या अंथरुणाला खिळलेली, तिला नाकातल्या नळीतून भरवायचे. ती नळी बदलायची होती, म्हणून माझ्या पिशवीत नवी नळी आणि मोठी सिरिंज. वरवंड मागे पडलं, चौफुल्यावरून शिरूरच्या रस्त्याला लागलो, तोच मागे निळसर धूर दिसायला लागला. मग इंजिन आपोआप किंचाळायला लागतं. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचललाय, तरी ते चढतंच आहे. चावी काढून हातात घेतलीत, तरी बंद होत नाही.

"अवं, थांबवा की!" आई मागून ओरडते.

"थांबंना! सवताचंच तेल प्यायला लागलंय ते!"

तुमच्या त्या ओरडण्यात मला पहिल्यांदाच राग ऐकू आला नाही, भीती ऐकू आली. तुम्ही ब्रेक गच्च दाबलात, टॉप गिअर टाकलात आणि क्लच सोडून दिलात. जीपला हिसका बसला, आई पुढच्या सीटवर आदळली आणि इंजिन मेलं. तुम्ही उतरून पट्टी ओढलीत.

पट्टीवर तेल खुणेच्या दोन बोटं वर; तेच जादाचं तेल डिझेलसारखं जाळत इंजिन सुटलं होतं. तुम्ही ती पुसून परत बुडवलीत, परत पाहिलीत. तळाचा बोल्ट खोलून जादाचं तेल काढावं, तर पाना घरी राहिलेला. इंजिन निवेपर्यंत आपण बाभळीखाली बसलो. मग मी आत्याची नवी नळी पट्टीच्या भोकातून आत सोडली, सिरिंज लावली आणि दट्ट्या ओढला. तेल वर चढलं. एकेक सिरिंज मी पाण्याच्या बाटलीत रिकामी करत होते आणि तुम्ही मधूनमधून पट्टी बघत होतात.

"मला तर येकदाच वतल्यालं आठवतंय," तुम्ही हळूच म्हणालात. "पोरी, तू तर न्हाई ना वतलं?"

"न्हाई, आप्पा."

खरं बोलले असते तर काय झालं असतं? केंदूरपर्यंत माझी खरडपट्टी निघाली असती, बस्स. पण मी भ्याले. तुम्ही आईकडे बघत म्हणालात, "म्हंजी म्याच दोन्दा वतलं. आन् ध्यानातच न्हाई." तेल खुणेवर आल्यावर तुम्ही चावी माझ्या हातात ठेवलीत. "हितनं पुढं तूच चालव." दुसऱ्या दिवशी तो रिकामा डबा मी पिशवीतून नेला आणि दवाखान्याच्या कचऱ्यात टाकला.

वाटलं होतं, चार दिवसांत विसराल. तुम्ही विसरला नाहीत. परत कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत. कॅलेंडरवर "गोळी घेतली" असं लिहायला लागलात, गॅसचं बटण तीन-तीनदा बघायला लागलात. "मी जेवलो का गं?" असं विचारलंत की आई हसायची आणि मी ताट उचलून मोरीकडे जायचे. डॉक्टर म्हणाले, डोकं ठणठणीत आहे. "त्यास्नी काय ठावं," तुम्ही म्हणालात. शेवटी गेलात ते हृदयाच्या दुखण्याने. पण नऊ वर्षं तुम्ही स्वतःलाच भीत जगलात, आणि ते माझ्यामुळे. आधी मला तुमच्या रागाची भीती होती. नंतर वाटायचं, सांगितलं आणि तुम्ही रागावलाच नाहीत तर?

तर कालची आमटी. सुट्टीला आलेली लेक ओट्यापाशी होती, मी भाजी निवडत होते. मीठ मी एकदाच घातल्याचं मला आठवतंय. "तू घातलंस का गं?" मी विचारलं. "नाही आई," ती सहज म्हणाली.

माझ्याशी खोटं बोलायची वेळ तिच्यावर येऊ नये, म्हणून मी जन्मात तिच्यावर आवाज चढवलेला नाही. हा कागद कुणाच्या हाती पडणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते, आप्पा: ती खोटं बोलली असावी, अशी आशा धरून मी कालपासून बसले आहे.